सरकारी वीज कंपनीचे बाहेरचे सल्लागार: मंत्रालयाने देखरेख नेमकी कशी ठेवायची

सरकारी मालकीच्या ऊर्जा कंपनीतल्या सल्लागारांची फाइल मंत्रालयात येते ती बहुतेक वेळा बिल अडल्यावर, मुदतवाढ हवी असल्यावर किंवा विधिमंडळात प्रश्न लागल्यावर. तोवर काम उरकलेले असते, पैसे दिलेले असतात आणि अधिकाऱ्याच्या हाती उरतो तो फक्त शेरा. देखरेख ठेवायची असेल तर ती सल्लागाराचे नाव ठरण्याच्या आधी सुरू व्हायला हवी आणि त्याचा शेवटचा अहवाल मालकाच्या, म्हणजे सरकारच्या, टेबलावर येईपर्यंत सुटता कामा नये. हा लेख मंत्रालयातले अधिकारी, कंपनीवर सरकारने नेमलेले संचालक आणि लेखापरीक्षक यांच्यासाठी आहे.

आधी मोजदाद: सल्लागार आहेत तरी किती?

हा प्रश्न विचारला की कंपनीकडून एक यादी येते. ती जवळजवळ नेहमीच अपुरी असते आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. सल्लागारांचा खर्च एका लेखाशीर्षाखाली बसत नाही. थोडा ‘व्यावसायिक शुल्क’ खाली असतो, थोडा ‘कायदेशीर खर्च’, ‘माहिती तंत्रज्ञान’, ‘प्रशिक्षण’ आणि ‘कंत्राटी मनुष्यबळ’ यांत विखुरलेला असतो. सर्वांत मोठा भाग तर नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही. धरण, वीजकेंद्र, पारेषण वाहिनी असे काम चालू असताना प्रकल्प सल्लागाराचे शुल्क त्या प्रकल्पाच्या भांडवली खर्चात धरले जाते आणि ‘प्रगतिपथावरील भांडवली कामे’ या एका आकड्यात विरघळून जाते. कंपनी प्रामाणिकपणे सांगते की यंदा सल्लागारांवर अमुक खर्च झाला. प्रत्यक्ष आकडा त्याच्या कित्येक पट असू शकतो.

म्हणून यादी मागू नका, देयकांची नोंदवही मागा. गेल्या तीन वर्षांत कंपनीने ज्यांना पैसे दिले त्या सर्व पुरवठादारांची खतावणी, संगणकीय स्वरूपात, पुरवठादार क्रमांकासह. ती एकूण रकमेनुसार लावा. वस्तू, इंधन आणि बांधकाम कंत्राटदार बाजूला काढले की उरतात त्यांत सल्लागार सापडतात. मग प्रत्येकासाठी एक ओळ: नाव, मूळ कंपनी, उपसल्लागार, विषय, कार्यादेशाची तारीख, मूळ रक्कम, मूळ मुदत, निवडीची पद्धत, मंजुरी कोणी दिली, मुदतवाढी किती, आजवर दिलेली रक्कम, हाती आलेले अहवाल. शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी आधी तपासायला घ्या.

दोन प्रकार या जाळ्यातून हमखास निसटतात. एक, मुख्य ठेकेदाराने नेमलेले उपसल्लागार, ज्यांचे पैसे कंपनी ठेकेदारामार्फत देते. दुसरा प्रकार म्हणजे कंपनीच्याच कार्यालयात, कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून बसणारे बाहेरचे लोक. ते पत्रांवर सही करतात, बैठका घेतात, इतर ठेकेदारांची बिलेही तपासतात. कर्मचाऱ्यांची संख्या मोजताना ते मोजले जात नाहीत आणि सल्लागारांच्या यादीतही येत नाहीत. कोण किती दिवस बसते हे कळायला प्रवेशपत्रांची नोंद हा सर्वांत खात्रीचा कागद आहे.

गरजेची टिपणी: सही होण्याआधीचे एक पान

सल्लागार हवा असे म्हणणाऱ्या विभागाकडून एक पान लिहून घ्या, एकापेक्षा जास्त नको. त्यात पाच गोष्टी याव्यात. कोणता निर्णय घ्यायचा आहे? तो कोण घेणार, कोणत्या तारखेपर्यंत? आपल्या माणसांकडून हे काम का होत नाही? सल्लागार काही न करता निघून गेला तर काय अडेल? आणि काम संपल्यावर ते ज्ञान कंपनीतल्या कोणाकडे राहील, पदनामासह.

तिसऱ्या प्रश्नाचे ‘मनुष्यबळ अपुरे आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. ते खरे असेलही, पण मग हिशेब जोडायला सांगा. ज्या दर्जाचा माणूस हवा त्याचा वार्षिक पगार, भत्ते, निवृत्तिलाभ आणि कार्यालयीन खर्च यांची बेरीज करा आणि तिला वर्षातल्या प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी, साधारण 220 नी, भागा. हा झाला स्वतःच्या माणसाचा रोजचा खर्च. सल्लागाराचा रोजचा दर त्याच्या शेजारी मांडा. काम चार महिन्यांचे असेल तर महाग सल्लागारही परवडतो, कारण पाचव्या महिन्यात तो नसतो. तेच काम दरवर्षी करावे लागत असेल, उदाहरणार्थ वीजदराची याचिका (नियामक आयोगापुढे दर ठरवून घेण्याचा अर्ज) किंवा कोळशाच्या साठ्याचा आढावा, तर पद भरणे हेच स्वस्त. दरवर्षी त्याच संस्थेकडून वीजदर याचिका लिहून घेणाऱ्या कंपनीत काही वर्षांनी स्वतःची याचिका स्वतः समजावून सांगू शकणारा अधिकारी उरत नाही. मग सल्लागार बदलणेही अशक्य होते.

मंजुरीची मर्यादा कुठे आखायची

रकमेसोबत मुदतीचीही मर्यादा असावी. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या खात्यांसाठी अशी दुहेरी अट घातली: 6 लाख पौंडांवरच्या किंवा 9 महिन्यांहून लांबलेल्या सल्लागार कामाला मंत्र्यांची सही, 1 लाख पौंडांवरच्या किंवा 3 महिन्यांहून जास्त कामाला खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याची. आकडे प्रत्येकाने आपल्या कंपनीच्या आकाराप्रमाणे ठरवावेत, पण मुदतीची अट घ्यावीच. छोट्या रकमेची कामे वर्षानुवर्षे चालू राहतात आणि ती फक्त मुदतीच्याच चाळणीत अडकतात.

रक्कम मोजायची ती एका कार्यादेशाची नव्हे. त्या सल्लागाराला, त्याच्या भगिनी कंपन्यांसह, मागच्या सलग 12 महिन्यांत दिलेल्या सर्व कामांची बेरीज धरा. ही एक ओळ नियमात नसली की तुकडे पाडले जातात. ते ओळखणे अवघड नाही. मर्यादेच्या 90 ते 100 टक्क्यांच्या पट्ट्यात बसणारे सगळे कार्यादेश वेगळे काढा. एकच पुरवठादार, दोन महिन्यांच्या आतल्या तारखा आणि कार्यकक्षेतली, म्हणजे कामाच्या व्याप्तीच्या वर्णनातली, वाक्ये जशीच्या तशी असतील तर तो एकच करार होता.

मंत्रालयानेही स्वतःवर मुदत घालून घ्यावी, दहा कामाचे दिवस पुरेत. फाइल महिनोन्‌महिने पडून राहिली की कंपनी ‘तातडी’ दाखवून निविदेशिवाय नेमणूक करते आणि त्या तातडीचे कारण मंत्रालयच असते. खरी तातडी वेगळी. बॉयलर फुटला, धरणाच्या भिंतीतून गळती वाढली, तर तज्ज्ञ त्याच दिवशी बोलवावाच लागतो. त्यासाठी कार्यकारी प्रमुखाला 30 दिवसांपुरता अधिकार द्या, संचालक मंडळाच्या पुढच्याच बैठकीत कार्योत्तर मंजुरीची अट घाला, आणि 31 व्या दिवशीचे काम नव्या निविदेनेच होईल असे लिहा.

निवड: गुणांकनातच निकाल लपलेला असतो

कार्यकक्षा कोणी लिहिली हे विचारा. इच्छुक सल्लागाराने ‘मदत म्हणून’ मसुदा दिला असेल तर पात्रतेच्या अटी त्याच्याच मापाच्या असतात: अमुक देशांत काम केलेले, अमुक क्षमतेचे तीन प्रकल्प, अमुक सॉफ्टवेअर. अट वाचताना एकच कसोटी लावा. ही अट पूर्ण करणाऱ्या किमान तीन स्वतंत्र संस्था बाजारात आहेत का?

गुणवत्ता आणि किंमत यांच्या भारांकाचा, म्हणजे एकूण गुणांतल्या त्यांच्या वाट्याचा, परिणाम आकड्यांत बघा. सर्वांत कमी किमतीला 100 गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. ‘अ’ ला तांत्रिक गुण 90, किंमत 120. ‘ब’ ला तांत्रिक गुण 75, किंमत 80. भारांक 80:20 असेल तर ‘अ’ चे 72 अधिक 13.3, म्हणजे 85.3, आणि ‘ब’ चे 60 अधिक 20, म्हणजे 80. ‘अ’ जिंकतो. त्याच निविदा 60:40 ने मोजल्या तर ‘अ’ 80.7 वर थांबतो आणि ‘ब’ 85 वर जातो. एकाही निविदेत अक्षर न बदलता विजेता बदलला. म्हणून भारांक निविदा उघडण्यापूर्वी जाहीर झालेला असावा आणि त्यामागचे कारण टिपणीत असावे. भारताच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये बिगर-आर्थिक निकषांचा भारांक 80 टक्क्यांच्या वर नेता येत नाही, तो याचसाठी. धरणाच्या सुरक्षेसाठी 80 रास्त, नेहमीच्या सर्वेक्षणासाठी नाही.

तांत्रिक गुणांत ‘सादरीकरण’ या शीर्षाला किती गुण ठेवलेत तेही बघा. 100 पैकी 30 गुण सादरीकरणाला असतील तर समिती हवे ते करू शकते. दहाच्या वर जाऊ देऊ नका, आणि प्रत्येक सदस्याची गुणपत्रिका स्वतंत्र, सही-तारखेसह नस्तीत ठेवा.

ऊर्जा क्षेत्रातले हितसंबंध फार आत शिरलेले असतात. वीजखरेदी करारावर सरकारी कंपनीला सल्ला देणारी संस्था त्याच वेळी समोरच्या खासगी वीज उत्पादकाचेही काम करत असते. प्रकल्प अहवाल लिहिणाराच पुढे तपशीलवार आराखड्याच्या निविदेत उतरतो, आणि मग व्यवहार्य नसलेला प्रकल्प कागदावर व्यवहार्य होतो. करारात दोन अटी घाला: गेल्या तीन वर्षांतल्या या क्षेत्रातल्या सर्व ग्राहकांची लेखी यादी, दर सहा महिन्यांनी ताजी केलेली, आणि पूर्वतयारीचे काम करणाऱ्यावर त्यातून निघणाऱ्या पुढच्या कामाला बंदी.

मोबदला: बचतीतला वाटा मागणाऱ्यापासून सावध

मोबदल्याच्या तीन पद्धती असतात. ठरावीक रक्कम टप्प्याटप्प्याने, दिवसाच्या दराने, किंवा निकालावर अवलंबून वाटा. तिसरी पद्धत कानाला गोड लागते: ‘बचत झाली तरच पैसे द्या.’ सर्वांत मोठे घोळ याच पद्धतीत होतात.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वीज कंपनीचे, एस्कॉमचे, उदाहरण सर्वांसमोर आहे. 2016 च्या आसपास कंपनीने मॅकिन्सी ही सल्लागार संस्था आणि तिची स्थानिक भागीदार ट्रिलियन यांना सुमारे 160 कोटी रँड दिले. मोबदला बचतीशी जोडलेला होता. अशा पद्धतीसाठी राष्ट्रीय कोषागाराची परवानगी लागत होती, ती घेतलेली नव्हती. त्याहून गंभीर म्हणजे ट्रिलियनचा एस्कॉमशी थेट करारच नव्हता, तरी तिला थेट पैसे गेले. 2018 मध्ये मॅकिन्सीने सुमारे 100 कोटी रँड परत केले. जून 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ट्रिलियनला सुमारे 60 कोटी रँड परत करायला सांगितले. डिसेंबर 2024 मध्ये मॅकिन्सीच्या आफ्रिकी शाखेने अमेरिकी न्याय खात्याशी 12.2 कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. देयक विभागातल्या एका कारकुनाने ‘करार क्रमांक कुठे आहे?’ एवढे विचारून बिल अडवले असते, तर पुढची कितीतरी वर्षे वाचली असती. तो प्रश्न विचारण्याचे बळ त्याला नियमाने द्यावे लागते: करार क्रमांकाशिवाय संगणक प्रणालीत देयक नोंदवताच येऊ नये.

निकालावर आधारित मोबदला द्यायचाच असेल तर आधाररेषेवर, म्हणजे बचत ज्या मूळ आकड्यापासून मोजायची त्यावर, सगळी मेहनत घ्या. समजा इंधन खर्च 1000 वरून 900 वर आला. सल्लागार म्हणतो 100 ची बचत, माझा वाटा दहा टक्के. आता तोडून बघा. त्यातले 40 वीजनिर्मितीचा एक संच वार्षिक देखभालीसाठी बंद होता म्हणून वाचले. 30 बाजारातला कोळशाचा भाव उतरल्यामुळे. 10 ची तडजोड कंपनीच्या खरेदी विभागाने सल्लागार येण्याच्या आधीच केली होती. उरले 20. वाटा 10 नव्हे, 2. म्हणून आधाररेषा प्रति युनिट वीज धरा, भावाच्या चढउताराची दुरुस्ती त्यात आधीच लिहा, ती करार होण्यापूर्वी अंतर्गत लेखापरीक्षकाकडून प्रमाणित करून घ्या, आणि मोबदल्याला कमाल मर्यादा घाला. बचत करारावर सही झाली तेव्हा धरायची नाही, पैसे प्रत्यक्ष वाचल्याचे हिशेबात दिसले तेव्हा धरायची.

बिल हातात घेऊन बघा

वाईट बिल एका ओळीचे असते: ‘व्यावसायिक सेवा, टप्पा 3, एकरकमी.’ हे परत पाठवा. चांगल्या बिलात करार क्रमांक, टप्प्याचे करारातलेच शब्द, जोडलेल्या अहवालाचे नाव आणि तारीख, माणसांची नावे, प्रत्येकाचा दर्जा, दिवस आणि दर असतात, आणि काम स्वीकारल्याची विभागप्रमुखाची स्वतंत्र सही.

दिवसाच्या दराचे बिल तोंडी हिशेबाने पकडता येते. महिन्यात कामाचे दिवस 22. सहा माणसे पूर्णवेळ असली तरी महिन्याचे 132 मनुष्यदिवस होतात. बिलात 168 असतील तर 36 दिवस कुठून आले? उत्तर बहुतेक वेळा ‘मुख्यालयातून साहाय्य’ असे येते. ज्यांची नावे करारात नाहीत त्यांचे दिवस मान्य करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे माणसे बदलणे. निविदेत वीस वर्षे अनुभवाच्या अभियंत्याचे नाव असते, गुणही त्याच्यामुळे मिळतात. प्रत्यक्ष कामावर येतात दोन वर्षांच्या अनुभवाची मुले, दर मात्र जुनाच. बदली माणसाला लेखी मान्यता आणि अनुभवानुसार दरात कपात, ही अट करारातच हवी. नंतर ती कोणी मान्य करत नाही.

सल्ला मालकापर्यंत पोचतो का?

पैशांवरची देखरेख बहुतेक सरकारे थोडीफार करतात. सल्ल्यावरची देखरेख जवळजवळ कोणीच करत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांतात नॅल्कॉर ही सरकारी ऊर्जा कंपनी मस्क्रट फॉल्सचा जलविद्युत प्रकल्प बांधत होती. डिसेंबर 2012 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा वित्तपुरवठ्याच्या खर्चासह अंदाज सुमारे 740 कोटी कॅनेडियन डॉलर होता. तो पुढे 1270 कोटींवर गेला. प्रकल्पाचे अभियांत्रिकी काम पाहणाऱ्या एसएनसी-लॅव्हलिनने एप्रिल 2013 मध्येच एका जोखीम अहवालात 240 कोटी डॉलरच्या संभाव्य वाढीचा इशारा दिला होता. तो अहवाल सरकारपर्यंत पोचला नाही. लोकांसमोर आला तो जून 2017 मध्ये. न्यायमूर्ती रिचर्ड लब्लाँ यांच्या चौकशी आयोगाने 2020 मध्ये कंपनीने माहिती दडवल्याचा ठपका ठेवला, आणि आपले कर्तव्य न बजावल्याबद्दल सरकारलाही सोडले नाही. इशाऱ्याचे पैसे जनतेनेच मोजले होते, म्हणून हे मनाला फार लागते.

यावर उपाय करारातल्या चार वाक्यांचा आहे. पहिले, सल्ला लेखीच द्यावा. नुसत्या सादरीकरणावर टप्पा पूर्ण धरला जाणार नाही. दुसरे, पहिला मसुदा आणि अंतिम अहवाल दोन्ही एकाच दिवशी कंपनी सचिवाकडे आणि मंत्रालयाच्या ठरलेल्या कक्षाकडे जातील, व्यवस्थापनाच्या टेबलावरून फिरून नव्हे. तिसरे, खर्च, मुदत किंवा सुरक्षेबाबत ठरावीक मर्यादेपलीकडची जोखीम दिसली तर सल्लागार ती सात दिवसांत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाला थेट कळवेल. चौथे, कंपनीने अहवाल स्वीकारला नाही तरी तो नोंदवहीत राहील, नाकारण्याच्या कारणासह.

मसुदा आणि अंतिम प्रत शेजारी ठेवून वाचायला एक माणूस नेमा. मसुद्यात ‘मोठी जोखीम’ आणि अंतिम प्रतीत ‘नियंत्रणात ठेवता येण्याजोगी बाब’ असे झाले असेल, तर मधल्या काळातला पत्रव्यवहार मागवा. आकडे बदलले असतील तर कोणत्या नव्या माहितीमुळे, ते विचारा. बदल योग्यही असू शकतो. पण त्याचे कारण कागदावर असायला हवे.

मंत्रालयात हे वाचून समजणारे दोन-तीन लोक तरी हवेत. अहवाल समजून घ्यायला मंत्रालयाने स्वतःच सल्लागार नेमला, तर वरची सगळी नियमावली त्यालाही लागू करा.

मुदतवाढ

मूळ रकमेच्या एक चतुर्थांशाच्या पुढे वाढ नको. त्यापुढे नवी निविदा. प्रत्येक वाढीच्या टिपणीत पहिल्या पानावरची मूळ रक्कम आणि मूळ तारीख पुन्हा लिहायची सक्ती करा. प्रत्येक टिपणी फक्त मागच्या मुदतवाढीशी तुलना करते, म्हणून चौथी वाढसुद्धा ‘किरकोळ’ दिसते.

काय जाहीर करायचे

‘व्यापारी गुपित’ हे उत्तर कंपन्या फार सैल हाताने देतात. नॅल्कॉरने आपल्या कार्यालयात बसवलेल्या कंत्राटदारांचे दरही असेच झाकून ठेवले होते. इंधन खरेदीचे सूत्र किंवा चालू वाटाघाटीतली किंमत झाकणे रास्त आहे. सल्लागाराचे नाव, विषय, निवडीची पद्धत, एकूण रक्कम, मुदत आणि वाढी हे झाकण्यासारखे काही नाही. दर तिमाहीला ते संकेतस्थळावर टाका, आणि नाव जाहीर होण्याची अट निविदेतच घाला, म्हणजे पुढे तक्रारीला जागा राहत नाही. महालेखापरीक्षकाला सल्लागाराची आणि उपसल्लागाराची या कामापुरती दप्तरे तपासता येतील हे कलमही तिथेच घाला.

शेवटचे दहा टक्के

शेवटचा दहा टक्के हप्ता अहवाल आल्यावर देऊ नका. सल्लागाराने वीजदराचे किंवा भार अंदाजाचे (विजेची मागणी किती राहील याचे) प्रारूप, म्हणजे संगणकी मॉडेल, बनवले असेल तर त्याची सूत्रे उघडी असलेली फाइल, मूळ आकडेवारी, गृहीतकांची यादी आणि सर्व पासवर्ड ताब्यात घ्या. मग गरजेच्या टिपणीत ज्याचे पदनाम लिहिले होते त्या अधिकाऱ्याला बसवा. कोळशाचा भाव दहा टक्क्यांनी वाढवून प्रारूप चालवायला सांगा, सल्लागाराच्या माणसाने खोलीबाहेर थांबायचे. उत्तर आले, आणि ते का आले हे त्या अधिकाऱ्याला सांगता आले, की हप्ता सोडा.